मोंद्रियान यांची न संपणारी चित्रे

पांढऱ्या पृष्ठभागावर काही काळ्या सरळ रेघा, त्या रेघांनी पडलेले चौकोन आणि त्यांपैकी दोनतीन चौकोनांत लाल, पिवळा किंवा निळा रंग. पीट मोंद्रियान हे नाव कधी न ऐकलेल्या माणसानेही असे एखादे चित्र कुठे ना कुठे पाहिलेले असते. पॅरिसचे वेशभूषाकार ईव्ह सँ लोराँ यांनी १९६५ मध्ये या चित्रांवरून स्त्रियांचे झगे बेतले आणि त्यानंतर पिशव्या, कप, पडदे अशा कशावरही तो नमुना छापला जाऊ लागला. असे चित्र पाहताच बहुतेकांच्या मनात येणारा विचारही ठरलेला असतो : फूटपट्टी आणि रंगाचे तीन डबे मिळाले तर हे आपल्यालाही जमेल. हा विचार मनात आणणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. तयार चित्र तसे म्हणायला जागा ठेवतेच. मात्र ज्या खोल्यांत ती चित्रे घडली त्यांचा इतिहास वाचला, की एकेक रेघ जागेवर बसायला किती महिने आणि कधी कधी किती वर्षे लागली हे कळते, आणि मग त्या सोपेपणाकडे पाहण्याची नजर बदलते.

मोंद्रियान यांचा जन्म ७ मार्च १८७२ रोजी नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, श्रद्धेने कडवे कॅल्व्हिनपंथी आणि स्वतः चित्रकलेचे जाणकार. काका फ्रिट्स हे निसर्गचित्रकार. घरात कला होती, पण तिच्यावर पोट भरण्याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून मुलाने आधी चित्रकला शिक्षकाची प्रमाणपत्रे मिळवली आणि मगच १८९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी पवनचक्क्या, नदीकाठ, झाडे, संधिप्रकाशातली शेतघरे रंगवली. ही चित्रे सुरेख आहेत. मोंद्रियान तेवढ्यावर थांबले असते तर डच निसर्गचित्रकारांच्या यादीत त्यांना मानाची पण मधलीच जागा मिळाली असती.

१९०९ मध्ये ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. मद्रासजवळच्या अड्यार येथे मुख्यालय असलेली ही संस्था आपल्याकडे ॲनी बेझंट यांच्यामुळे परिचित आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या बदलत्या रूपांमागे एक न बदलणारी व्यवस्था आहे, हा विचार त्यांनी तिथून उचलला आणि आयुष्यभर सोडला नाही. पुढे अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक यांची घनवादी चित्रे त्यांच्या पाहण्यात आली. मग चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ सगळे सोडून पॅरिसला गेला आणि आपल्या डच आडनावातला एक ‘आ’ही त्याने गाळून टाकला. झाडाची चित्रे चालूच राहिली, पण प्रत्येक चित्रात झाड थोडे थोडे विरत गेले. उरले ते फांद्यांच्या वळणांचे जाळे. महायुद्धामुळे १९१४ ते १९१९ मायदेशात अडकून पडावे लागले. तेथे समुद्र आणि धक्का यांच्या चित्रांत केवळ आडव्या-उभ्या छोट्या रेघा राहिल्या. १९१७ मध्ये तेओ व्हान दूसबुर्ख यांच्यासह ‘डी स्टाइल’ हे नियतकालिक निघाले आणि १९२०-२१ च्या सुमारास आपण ज्याला मोंद्रियान म्हणतो ते चित्र जन्माला आले. त्यात फक्त काटकोन, तीन मूळ रंग आणि काळा, पांढरा, करडा. तिरकी रेघ वर्ज्य. पुढे व्हान दूसबुर्ख यांनी तिरकी रेघ आणली तेव्हा दोघांची मैत्री तुटण्यात तिचाही वाटा होता. बाहेरच्या माणसाला हा वाद हास्यास्पद वाटेल, पण जो माणूस एका काटकोनावर वर्ष घालवतो त्याच्यासाठी तो जगण्याचाच वाद असतो.

पॅरिसमध्ये मोंपार्नास स्थानकाजवळ, र्यू द्यू देपार या रस्त्यावरच्या २६ क्रमांकाच्या इमारतीत १९२१ ते १९३६ अशी पंधरा वर्षे त्यांचा स्टुडिओ होता. जिना अंधारा, परिसर आगगाडीच्या धुराने काळवंडलेला. दार उघडले की पाहुणा थबकत असे, कारण आतली खोली म्हणजेच एक चित्र होते. पांढऱ्या भिंतींवर लाल, पिवळ्या, निळ्या आणि करड्या पुठ्ठ्यांचे चौकोन टाचलेले असत आणि ते कायमचे कधीच नसत. आज खिडकीजवळ असलेला लाल चौकोन पुढच्या भेटीत कपाटाकडे सरकलेला दिसे. बाहेरच्या फुलदाणीत एकच कृत्रिम ट्यूलिप होते आणि त्याचे हिरवे पान त्यांनी पांढरे रंगवून टाकले होते. आंद्रे केर्तेस यांनी १९२६ मध्ये टिपलेल्या छायाचित्रामुळे ते फूल अजरामर झाले आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर १९३० मध्ये तिथे आले. हे चौकोन खरोखरच हलते केले तर गंमत येईल, असे त्यांनी सुचवले. मोंद्रियान यांनी गंभीरपणे नकार दिला. आपली चित्रे आधीच पुरेशी वेगवान आहेत असे त्यांचे म्हणणे होते. काल्डर घरी गेले आणि अमूर्ताकडे वळले. पुढे त्यांची हलती शिल्पे जगप्रसिद्ध झाली.

या खोलीतले रोजचे काम मात्र वेगाचे नव्हते. कोऱ्या कॅनव्हासवर आधी कोळशाच्या कांडीने रेघा आखायच्या, पुसायच्या, पुन्हा आखायच्या. मग रंग. ईझल होते, पण ते मुख्यतः चित्र ठेवून पाहण्यासाठी. रंगवताना कॅनव्हास पुष्कळदा टेबलावर आडवा असे. रेघ रंगवली, की दूर जाऊन पाहायचे. ती थोडी जाड वाटली तर शेजारचा पांढरा रंग तिच्या अंगावर चढवायचा. जागा चुकली असेल तर काळा रंग खरवडायचा, त्यावर पांढऱ्याचे थर द्यायचे आणि बोटभर अंतरावर नवी रेघ ओढायची. त्यामुळे या चित्रांतला पांढरा म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो थरावर थर देऊन, कुंचल्याचे फटकारे कधी आडवे कधी उभे घेऊन उभारलेला असतो, काही ठिकाणी तर काळ्या रेघेपेक्षा जाड. रेघ त्यात किंचित खोल बसलेली दिसते. छापील पुस्तकात यातले काहीच उमटत नाही. मोंद्रियान यांच्यावरचा गैरसमज बराचसा छपाईने केलेला आहे, असे माझे मत आहे.

चित्र बिघडले तर ते कोपऱ्यात उलटे ठेवून नवा कॅनव्हास घेणे, हा बहुतेक चित्रकारांचा रिवाज. मोंद्रियान यांना तो मानवत नसे. फसलेले चित्र हाच त्यांच्यासाठी पुढच्या दिवसाचा विषय असे. यात काटकसरीचाही भाग असणार, कारण गरिबी खरी होती. अमूर्त चित्रे विकली जात नव्हती, म्हणून विशीच्या दशकात ते फुलांची जलरंगचित्रे करून मित्रांमार्फत हॉलंडमध्ये विकत. ज्याला निसर्गातली वक्ररेषा नको होती तोच माणूस शेवंतीच्या पाकळ्या रंगवून घरभाडे भागवत होता. ती फुले नजाकतीची आहेत; त्यांना गिऱ्हाईकही मिळे. जे विकले जात नव्हते त्यावर मात्र महिनोन्महिने जात.

गोमंतकाशी कुळाचे नाते असलेले वासुदेव गायतोंडे यांची वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण होत, हे इथल्या रसिकांना माहीत आहे. दोघांची वाट वेगळी. गायतोंडे यांच्या रंगांत जी धूसरता आहे तिला मोंद्रियान यांनी दारातूनच परत पाठवले असते. तरी फार थोडे काढण्यासाठी फार वेळ बसून राहणे हा धागा दोघांत समान आहे, आणि आपल्या वाचकाला मोंद्रियान समजायला तो उपयोगी पडेल.

१९३७ मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून म्युनिकमध्ये जे प्रदर्शन भरवले त्यात मोंद्रियान यांचीही चित्रे होती. उद्या पॅरिस पडले तर आपले काय होईल, हे त्यांना सांगावे लागले नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये ते लंडनला गेले. हॅम्पस्टेड भागात बेन निकोल्सन आणि इतर कलावंत मित्रांच्या शेजारी एक खोली मिळाली. तीही त्यांनी लगोलग पांढरी करून टाकली. दोन वर्षांनी बॉम्ब शेजारीच पडला. तेव्हा त्यांनी जहाज गाठले आणि ३ ऑक्टोबर १९४० रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. वय अडुसष्ट, प्रकृती नाजूक. हॅरी हॉल्ट्झमन या तरुण अमेरिकन चित्रकाराने त्यांच्या निवाऱ्याची व्यवस्था केली आणि पहिल्याच दिवसांत त्यांना बूगी-वूगी संगीताच्या तबकड्या ऐकवल्या. जाझ आणि नाच यांचे वेड मोंद्रियान यांना आधीपासूनच होते. हॉलंडमध्ये चार्ल्स्टन नृत्यावर बंदी येणार असेल तर आपण तिकडे पाऊल ठेवणार नाही, असे त्यांनी पूर्वी जाहीरच केले होते. ताठ कण्याने, गंभीर चेहऱ्याने नाचणारे हे म्हातारे डच गृहस्थ न्यूयॉर्कच्या तरुण कलावंतांत कौतुकाचा विषय ठरले.

त्यांच्याबरोबर युरोपातून आलेले कॅनव्हास हा या चरित्राचा खरा गाभा आहे. पॅरिस आणि लंडनमध्ये सुरू केलेली सतरा चित्रे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा हातात घेतली. यांतली सगळी अपुरी नव्हती. काही चित्रे युरोपात पूर्ण म्हणून प्रदर्शनात टांगली गेली होती, त्यांवर सही आणि साल पडले होते. दुसऱ्या कोणी ती तशीच विक्रीला ठेवली असती. पैशाची गरज होती आणि जानेवारी १९४२ मध्ये व्हॅलेंटाइन गॅलरीत आयुष्यातले पहिले एकल प्रदर्शन ठरले होते. मोंद्रियान यांनी ती खाली उतरवून पुन्हा उघडली. रेघांच्या मध्ये नव्या रेघा आल्या, जुन्या सरकल्या, आणि पूर्वी कधी न घडलेली एक गोष्ट घडली. रंगाचे छोटे तुकडे काळ्या चौकटीबाहेर पडून मोकळ्या पांढऱ्यात उभे राहिले. वीस वर्षे पाळलेला स्वतःचाच नियम त्यांनी स्वतःच्याच जुन्या चित्रांत मोडला. अशा चित्रांवर मग त्यांनी दोन साले घातली, एक आरंभाचे आणि एक शेवटचे. ‘प्लास द ला काँकॉर्द’ या चित्राचा काळ १९३८ ते १९४३ असा आहे आणि ‘ट्रफाल्गर स्क्वेअर’चा १९३९ ते १९४३. नावांत पॅरिस आणि लंडनचे चौक, अंगावर न्यूयॉर्कचा रंग.

हार्वर्डच्या संग्रहालयातील हॅरी कूपर आणि रॉन स्प्रॉन्क यांनी या सतरा चित्रांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला आणि २००१ मध्ये तो प्रदर्शनासह मांडला. वरून शांत दिसणाऱ्या पांढऱ्याखाली हललेल्या रेघांचे माग, खरवडलेले पट्टे, बुजवलेले रंग असे सगळे त्यात उघडे पडले. त्यामुळे एका अडचणीच्या प्रश्नालाही तोंड फुटले. १९३९ च्या सुमाराचे प्रौढ, तोललेले मोंद्रियान पाहायचे असतील तर काही बाबतींत ते आता क्ष-किरणातच पाहावे लागतात, कारण खुद्द चित्रकारानेच ते झाकून टाकले आहेत. सुधारलेले प्रत्येक चित्र आधीपेक्षा चांगले झाले का? मला तसे वाटत नाही. काही ठिकाणी नंतर आलेले रंगाचे तुकडे पाहुण्यासारखे अवघडून उभे आहेत; जुने चित्र त्यांच्याशिवाय अधिक निवांत असावे. ही किंमत मोंद्रियान यांनी जाणून मोजली. कार्ल होल्टी या मित्राने त्यांना एकदा विचारले, की एकाच कॅनव्हासवर चित्रामागून चित्र पुसण्यापेक्षा प्रत्येक अवस्थेचे वेगळे चित्र का करत नाही? त्यावर, आपल्याला चित्रे नको आहेत, आपल्याला केवळ शोध घ्यायचा आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. विक्रीच्या बाजारात बसलेल्या माणसाचे हे उत्तर नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या हाती एक नवे साधन आले : रंगीत कागदाची चिकटपट्टी. आतापर्यंत रेघ हलवायची म्हणजे खरवडणे, थर देणे, वाळण्याची वाट पाहणे. आता पट्टी उचलायची आणि दोन बोटे पलीकडे लावायची. ज्याचे सगळे आयुष्य रेघ हलवण्यात गेले त्याला म्हातारपणी यापेक्षा मोठी भेट कोणती मिळाली असती? काळी रेघ गेली; पिवळ्या, लाल, निळ्या पट्ट्यांचे जाळे आले. ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ या १९४२-४३ च्या चित्रात पट्ट्याही तुटून छोट्या चौकोनांची लुकलुक झाली. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. संत्र्यांच्या खोक्यांना पांढरा रंग देऊन केलेल्या फर्निचरमध्ये राहणाऱ्या या माणसाला इतरांच्या कामाबद्दलही कुतूहल होते. १९४३ मध्ये पेगी गुगेनहाइम यांच्या दालनासाठी निवड चालू असताना जॅक्सन पोलॉक या अनोळखी तरुणाच्या चित्रासमोर मोंद्रियान बराच वेळ उभे राहिले. पेगीबाईंना ते चित्र अगदीच बेशिस्त वाटले होते. अमेरिकेत आपण पाहिलेले हे सर्वांत लक्षणीय काम आहे, असे मोंद्रियान यांनी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा पाहिले. पोलॉक यांच्या वाटचालीला त्या क्षणाचा हातभार लागला. फूटपट्टीने जगणाऱ्या माणसाने रंगांच्या त्या गुंतवळ्याला दाद द्यावी, याचे नवल अनेकांना अजून वाटते.

१९४२ मध्येच त्यांनी कोनावर उभा टांगायचा एक मोठा चौरस कॅनव्हास घेतला होता. युद्धाच्या अखेरीस मिळणाऱ्या विजयाच्या आशेने त्याला पुढे ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ हे नाव मिळाले. जानेवारी १९४४ च्या सुमारास ज्या मित्रांनी तो पाहिला त्यांच्या मते चित्र पूर्ण झाले होते. ऑक्टोबरपासून मोंद्रियान ५९व्या रस्त्यावरच्या नव्या जागेत राहत होते आणि भिंतींवर रंगीत चौकोन लावून झाले होते. सगळे जागच्या जागी होते. मग त्या महिन्याच्या मधल्या दिवसांत केव्हातरी त्यांनी वाळलेल्या रंगावर पुन्हा कागदाचे तुकडे आणि पट्ट्या लावायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळे चित्र मोडून नव्याने मांडले. जाऊन-येऊन असणाऱ्या मित्रांना धक्का बसला. सर्दीचे न्यूमोनियात रूपांतर झाले होते, तरी त्यांनी कोणाला कळवले नव्हते. मित्रांनी त्यांना रुग्णालयात हलवले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनमधील सायप्रेस हिल्स येथे त्यांचे दफन झाले.

ईझलवर राहिलेल्या त्या चित्राबद्दल तेव्हापासून दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, एका पूर्ण झालेल्या श्रेष्ठ चित्राचा आजारपणाच्या घाईत विचका झाला. दुसरा म्हणतो, हेच त्यांचे शिखर. मला पहिल्या पक्षाचे दुःख समजते, पण मी दुसऱ्याकडे झुकतो, आणि त्याचे कारण साधे आहे. इतर चित्रांत त्यांनी आपले रोजचे काम पांढऱ्याखाली लपवले. इथे ते लपवायला आयुष्य उरले नाही. रंगावर कागद, कागदावर पट्टी, पट्टीवर पुन्हा रंग. चित्रकार नुकताच हात धुवायला आत गेला असावा, असा तो पृष्ठभाग आहे.

हॉल्ट्झमन यांनी स्टुडिओ तसाच ठेवला आणि काही आठवडे लोकांना पाहण्यासाठी खुला केला. भिंतींची मापे घेतली, छायाचित्रे काढली. अपुरे चित्र पुढे ट्रीमेन या अमेरिकन संग्राहक दांपत्याकडे गेले. कागदाचे तुकडे सुटू लागण्याची धास्ती तेव्हापासूनच होती, म्हणून त्यांनी पर्ल फाइन या चित्रकर्तीकडून त्याची प्रतिकृती करून घेतली. १९९८ मध्ये मूळ चित्र नेदरलँड्ससाठी सुमारे आठ कोटी गिल्डरना खरेदी झाले तेव्हा तिथे मोठा गदारोळ उठला. एका अपुऱ्या, चिकटपट्टी लावलेल्या कॅनव्हाससाठी एवढा पैसा कशाला, हा प्रश्न संसदेपर्यंत गेला. ज्याने शेवंतीची फुले विकून भाडे भरले त्याच्या वाट्याला हा हिशोब आला नाही. आज ते चित्र हेगच्या कला संग्रहालयात आहे.

चिकटपट्टीचे दुसरे एक अपुरे काम, १९४१ चे ‘न्यूयॉर्क सिटी १’, जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे आहे. २०२२ मध्ये तिथल्या अभिरक्षक सुझान मायर-ब्यूझर यांनी जाहीर केले, की हे चित्र गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षे उलटे टांगले जात असावे. मोंद्रियान यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्टुडिओत घेतलेल्या एका छायाचित्रात दाट पट्ट्यांची बाजू वर दिसते. संग्रहालयात ती खाली होती. शिवाय पट्ट्या वरून खाली लावत आणल्या असाव्यात, असे त्यांच्या टोकांवरून दिसते. चित्र सुलटे करावे, असे कोणाच्याही मनात येईल. पण ऐंशी वर्षांच्या त्या पट्ट्या आता जेमतेम धरून आहेत आणि चित्र फिरवले तर त्या गळून पडतील. म्हणून संग्रहालयाने ते होते तसेच टांगून ठेवले आहे.